मला फक्त पॅसेज ठाऊक होता

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. जुना तर आहेच, शिवाय आता बिनकामाचा आहे, आणि लपवून कशाला ठेवू, थोडा बदनामही आहे. वेल्समधल्या कोळशाच्या खोऱ्यात, डोंगराच्या उतारावर एकमेकांना चिकटून उभ्या राहिलेल्या घरांची एक रांग आहे. तिचं नाव बेथेल स्ट्रीट. तिथल्या एकोणतीस नंबरच्या घराचं दार उघडलंत की अरुंद पॅसेज लागतो. जिन्याच्या पायथ्याशी, दाराकडे तोंड करून, भिंतीवर एक गोल, पिवळट पडलेली तबकडी दिसते. ती मी. येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्यासमोरून जातो आणि थांबत मात्र कोणी नाही. पॅसेज ही थांबायची जागाच नव्हे.

माझं काम तसं एका ओळीचं. हवा गार झाली की स्वयंपाकघरातल्या बॉयलरला सांगायचं, पेट. हवा पुरेशी उबली की सांगायचं, विझ. बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि घर ऊबदार होतं. माझ्या पोटात दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या आहेत. थंडीत त्या एका बाजूला वाकतात, उबेत दुसऱ्या बाजूला. वाकताना ‘टिक’ असा आवाज होतो. जन्मभर मी बोललो तो एवढा एकच शब्द.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसून बायका आम्हाला जुळवायच्या. माझ्या वाट्याला आलेल्या बाईचे हात फार हलके होते. तिने माझ्या पोटातला स्क्रू केसभर फिरवला, मला आधी गार पेटीत ठेवलं, मग गरम पेटीत ठेवलं. दोन्ही वेळा मी अचूक ‘टिक’ केलं. “शहाणा आहे हा,” ती शेजारणीला म्हणाली. त्या शब्दावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. मग आम्हा बारा जणांना एका खोक्यात भरलं. खोक्यात आम्ही खांद्याला खांदा लावून पडलो होतो. आपल्यासारख्यांचा सहवास मला लाभला तो तेवढाच.

एकोणीसशे ऐंशी सालच्या ऑक्टोबरात मी बेथेल स्ट्रीटवर आलो. घर एम्लिन प्रॉसरचं. बावीस वर्षं खाणीत काढून, छातीत धूळ भरून घेऊन हा माणूस वर आला होता. घरातली कोळशाची शेगडी बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून गॅसचा बॉयलर आला आणि बॉयलरच्या पाठोपाठ मी. खाणीतल्या माणसाच्या घरी गॅस! गल्लीला महिनाभर चघळायला विषय मिळाला. एम्लिनला ते फार लागलं होतं.

मला बसवायला आलेला फिटर जाणता होता. त्याने आधी एम्लिनलाच विचारलं, “तुम्ही दिवसभर बसता कुठे?”

“मागच्या खोलीत. का?”

“मग याला तिथे लावू. आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, खिडकीपासून आणि रेडिएटरपासून लांब. इथे पॅसेजमध्ये लावलात तर याला पॅसेजचीच थंडी कळेल, तुमची नाही कळणार.”

एम्लिनने मागच्या खोलीत डोकावून पाहिलं. तिथे दोरीवर त्याच्या बायकोचे, ओल्वेनचे परकर वाळत होते.

“तिथे? त्या धुण्यात? छे! पाहुण्याने दारात पाऊल ठेवलं की पहिल्यांदा हा दिसला पाहिजे. कोळसा सोडला म्हणून हसतात ना लोक? बघू दे त्यांना.”

“अहो, पण ही वस्तू मिरवायची नाही.”

“घर कोणाचं आहे?” एम्लिन म्हणाला, आणि तिथेच माझं नशीब भिंतीला ठोकलं गेलं.

सुरुवातीला मी फुशारून गेलो. शेजारची बेटी पॅरी साखर मागायच्या निमित्ताने आली आणि माझ्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली. “दिसतो तर घड्याळासारखा. वाजतो का?” एम्लिनने मोठ्या ऐटीत किती ऊब हवी ते ठरवणारी माझी गोल कडी फिरवली, मी ‘टिक’ केलं, आत बॉयलर भप्पकन पेटला. बेटी दोन पावलं मागे सरकली. तेवढं कौतुक मला पुरलं.

पण फिटरचं म्हणणं खरं ठरायला आठवडाही लागला नाही. दार उघडलं की डोंगरावरचा वारा सरळ माझ्या तोंडावर यायचा. मला वाटायचं, घर गारठलं. मी बॉयलरला पेटवत राहायचो आणि मागच्या खोलीत माणसं उकडून निघायची. धुणं तासात वाळतं म्हणून ओल्वेन खूश, आणि एम्लिन बनियनवर, घामाघूम. शेवटी त्याने पुढच्या दाराला जाडजूड पडदा लावला, माझी कडी अठरा अंशांवर आणली आणि शेजारी भिंतीवर पेन्सिलीने एक रेघ मारली. “या रेघेच्या पुढे कोणी जायचं नाही,” त्याने घरात जाहीर केलं. हे गल्लीला कळायला वेळ लागला नाही. आमच्या खोऱ्यात माणसाला टोपणनाव चिकटलं की ते थडग्यापर्यंत जातं. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं एम्लिन अठरा.

त्याची मुलगी नेरिस तेव्हा बारा वर्षांची होती. शाळेतून आली की चोरपावलांनी माझ्याकडे यायची, गार बोटांनी कडी बावीसवर न्यायची आणि पसार व्हायची. दहा मिनिटांत मागच्या खोलीतून आरोळी यायची.

“कोणी फिरवला?”

“मी नाही बाबा!”

“मग काय भुताने फिरवला? थंडी वाजते तर स्वेटर घाल.”

“दोन घातलेत!”

“मग तिसरा घाल. आईला सांग, विणून देईल.”

ओल्वेन मात्र कधी माझ्या वाटेला गेली नाही. कडी फिरवणं हे तिच्या लेखी एम्लिनचं काम होतं. ती फक्त शनिवारी कापडाने माझ्यावरची धूळ पुसायची, तेही रेघ पुसली जाऊ नये म्हणून जपून.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, इतकी माणसं घरात, मग हा एकटा कसा? त्याचं कारण सांगतो. या घरांमधून आतली दारं सतत बंद ठेवतात. “दार लाव, ऊब जातेय!” हे वाक्य मी दिवसातून वीसदा ऐकायचो. पुढची खोली पाहुण्यांसाठी राखलेली. ती ख्रिसमसला आणि कोणी गेलं तर उघडायची. सगळा संसार मागच्या खोलीत आणि त्या खोलीचं दार माझ्या तोंडावर बंद. आतून भांड्यांचा आवाज यायचा, हसणं यायचं, उकडत्या मटणाचा आणि कांद्याच्या पातीचा वास यायचा. ज्यांना ऊब मिळावी म्हणून मी जागा होतो, ते कुठे बसतात, कसे दिसतात, शेकताना हात पुढे करतात की मागे, हे मी कधी पाहिलं नाही. मला फक्त पॅसेज ठाऊक होता. पॅसेजची हवा म्हणजेच घराची हवा, असं मी धरून चाललो होतो.

वर्षं गेली. खाण बंद झाली. नेरिस शिकली, कार्डिफला नोकरीला लागली, तिथेच लग्न करून राहिली. एम्लिनची छाती आणखी बिघडली. तो माझ्यासमोर येऊन उभा राहायचा तेव्हा त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. तरी रोज सकाळी तो रेघ तपासायचा. हीच काय ती आमची भेट. मग एका सप्टेंबरात त्याला मागच्या खोलीतून उचलून नेलं, आणि पुढची खोली उघडली गेली, तेव्हा मला समजलं.

सगळे पांगल्यावर ओल्वेनने नेरिसच्या नवऱ्याकडून माझ्याखाली एक लाकडी फळी ठोकून घेतली. नेरिस म्हणाली, “आई, फोटो आत ठेव ना. इथे पॅसेजमध्ये कशाला?”

“हीच त्याची जागा,” ओल्वेन म्हणाली. “रोज सकाळी इथेच उभा असायचा.”

फळीवर एम्लिनचा फोटो आला आणि फोटोजवळ एक टेबललँप. लँपमध्ये तिने जुना पिवळा बल्ब घातला. दुकानात आता नवे पांढरे बल्ब यायला लागले होते, पण तिने जुन्यांचं एक खोकंच्या खोकं आणून ठेवलं होतं. “त्या नव्या उजेडात तो आजारी दिसतो,” ती म्हणायची. तो लँप तिने रात्रंदिवस जळत ठेवला.

आता पुढचं सांगताना मला शरम वाटते. तो दिवा माझ्या बरोबर खाली होता. त्याची ऊब सरळ वर यायची आणि मला येऊन बिलगायची. तीस वर्षं मी दाराच्या वाऱ्यात काढली होती. कोणी मला शेकायला बसवलं नव्हतं. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच माझी हाडं शेकली म्हणा ना! शिवाय ओल्वेन येऊन फोटोशी गप्पा मारायची, आणि तिचं तोंड आपोआप माझ्याकडे असायचं. “बेटीच्या मांजराने आज पुन्हा आपल्या दारात उंदीर टाकला, एम्लिन.” “नेरिसचा फोन आला होता, तिला बढती मिळाली.” मला वाटायचं, ही माझ्याशीच बोलते आहे. मी सुखात होतो. आणि सुखात असल्यामुळे मी बॉयलरला एकच गोष्ट सांगत होतो: विझ.

कडी अठरावरच होती, पण हवा किती उबली ते दाखवणाऱ्या माझ्या काट्यावर एकवीस अंश दिसत होते. मागच्या खोलीत किती होते, ते मला माहीत नव्हतं. ओल्वेन अंगात कोट घालून बाहेर यायला लागली. मग कोटावर शाल आली. मग हातात लोकरीचे मोजे. ती माझ्यासमोर यायची, चष्मा सारखा करून काट्याकडे बघायची आणि चपापायची.

“एकवीस! अरे, ओरडू नकोस हं, एम्लिन. मी हात लावलेला नाही.”

एकदा बेटी आत बसून गेली. निघताना पॅसेजमध्ये थांबून कुरकुरली, “ओल्वेन, तुझ्या घरात मला हुडहुडी भरते बाई. रेडिएटरला हात लावला तर बर्फ.”

“गार असणारच ना! घर तापलं की तो बंद होतो. हा बघ की. एकवीस.”

बेटीने माझ्याकडे पाहिलं. “खरंच की. मग मीच म्हातारी झाले म्हणायची.”

“तू एकटी नाहीस गं,” ओल्वेन म्हणाली. “माझ्या अंगातूनच थंडी जात नाही. तो गेल्यापासून. घराला काही झालेलं नाही, मलाच झालंय.”

मित्रांनो, हे तिचं वाक्य मी विसरू शकत नाही. तिचं अंग तिला खरं सांगत होतं आणि माझी तबकडी खोटं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

नेरिस रविवारी जेवणानंतर यायची. रस्ता अरुंद, गाडी अर्धी फुटपाथवर चढवून लावलेली, मागून कोणी हॉर्न वाजवेल या धास्तीने ती अंगातला कोटही काढायची नाही. सामानाची पिशवी जिन्याच्या पायरीवर ठेवायची आणि हाक मारायची, “आई, आले गं!” मग मान वर करून माझ्याकडे बघायची. “वा, एकवीस! छान ऊब ठेवलीयस. मला काळजी होती.” ती उभी असायची तिथे खरोखरच ऊब होती. दिव्याची.

ती कधी आत गेलीच, तर तिथेही तिला काही कळायचं नाही. कारण रविवारी दुपारी, लेक यायच्या अर्धा तास आधी, मागच्या खोलीत ‘खट’ असा आवाज व्हायचा आणि जळक्या धुळीचा वास पॅसेजपर्यंत यायचा. ओल्वेन जुनी विजेची शेगडी लावायची. लेकीला वाटू नये, आई एकटी काकडत बसते, म्हणून. नेरिसची गाडी वळणाआड गेली की पुन्हा ‘खट’. मी ते ऐकत होतो. पण माझ्याजवळ शब्द एकच, आणि तोही चुकीचा.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. मंगळवारी आमच्या गल्लीत कचऱ्याचे डबे बाहेर काढतात. नऊ वाजले तरी एकोणतीस नंबरचा डबा बाहेर आला नाही, हे बेटीच्या लक्षात आलं. तिने टपालाच्या फटीतून हाक मारली. “ओल्वेन! अगं ए ओल्वेन!” उत्तर आलं नाही. तिच्याकडे किल्ली होती. ती आत शिरली, माझ्यासमोरून धावत गेली, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि तिथेच किंचाळली.

अँब्युलन्सबरोबर एक तरुण बाई आणि एक पुरुष आले. त्यांनी ओल्वेनला स्ट्रेचरवर बाहेर आणलं तेव्हा पॅसेज इतका अरुंद, की तिचा हात माझ्याखालच्या भिंतीला घासत गेला. ओठ निळसर पडले होते. ती पुटपुटत होती, पण काय, ते कोणाला समजेना. “तेहतीस,” पुरुष म्हणाला. मित्रांनो, आकडे हाच माझा धंदा. माणसाचं अंग सदतीस असायला हवं, हे मलाही माहीत आहे. ती तरुण बाई मागे वळून म्हणाली, “ती खोली म्हणजे नुसती शीतपेटी आहे. हीटिंग बंद पडलंय का?” आणि मग तिची नजर माझ्यावर पडली. “हे काय? इथे तर एकवीस!”

पस्तीस मैलांवरून नेरिस आली तोवर घर रिकामं होतं. ती पॅसेजमध्येच जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. समोर फोटो, दिवा आणि मी. बेटीने तिला दवाखान्यातला निरोप सांगितला: जीव वाचेल असं वाटतंय, पण ती पुन्हा या घरात एकटी राहू शकेल का, ते सांगता येत नाही. डॉक्टर घर बघायला माणूस पाठवणार होते. घर गार आहे असं ठरलं, तर ओल्वेनला वृद्धाश्रमात जावं लागणार होतं.

“आईला ते चालणार नाही,” नेरिस म्हणाली. “तिथे ती महिनाभर टिकायची नाही.”

“मग इद्रिस बॉयलरला बोलाव,” बेटी म्हणाली.

खोऱ्यातले बॉयलर दुरुस्त करणारा हा इद्रिस दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. पोट सुटलेला, टकलावर लोकरी टोपी, गुडघे धरून बसणारा माणूस. त्याने आधी बॉयलर तपासला. “ठणठणीत आहे. याला कोणी काम सांगतच नव्हतं.” मग तो माझ्यासमोर आला. माझं झाकण काढलं, पट्ट्या पाहिल्या, पुन्हा बसवलं. मग त्याने तळहात दिवा आणि मी यांच्यामध्ये धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“काय झालं?” नेरिसने विचारलं.

“हा दिवा कधीपासून आहे इथे?”

“बाबा गेल्यापासून. रात्रंदिवस जळतो.”

इद्रिसने टोपी काढली. “बाई, थर्मोस्टॅट बिघडलेला नाही. तो त्याचं काम चोख करतोय. त्याला या दिव्याची ऊब लागत होती. त्याला वाटलं, सगळं घर असंच आहे. म्हणून त्याने हीटिंग बंद ठेवलं.”

नेरिसला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “आईला सांगू नका,” ती हुंदके देत म्हणाली. “तिने बाबांसाठी लावलेला दिवा... तिला सहन होणार नाही. आणि मी दर रविवारी इथे उभी राहून... एकवीस, एकवीस करत...”

“सगळेच करतात,” इद्रिस म्हणाला. “मी माझ्या मावशीकडे तेच केलं होतं.”

मग तो नव्या थर्मोस्टॅटची जागा शोधायला मागच्या खोलीत गेला. नवा आला होता बिनतारी. भिंतीत वायर नको, हवा तिथे लावता येतो. त्या दिवशी पहिल्यांदाच ते दार सताड उघडं राहिलं आणि मला आतली खोली दिसली. एक टेबल, मेणकापड अंथरलेलं. खिडकीजवळ मोठी गादीची खुर्ची. त्या खिडकीतून डोंगर दिसतो, हेही मला तेव्हाच कळलं.

“मला सांगा, त्या बसतात कुठे?” इद्रिसने विचारलं. “याला त्यांच्या जवळ लावायचा. त्यांच्या अंगाला जी हवा लागते, ती याला लागली पाहिजे.”

नेरिसने खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “तिथे.”

“तिथे नाही गं!” बेटी म्हणाली. “ती एम्लिनची. तिच्यावर ती कधी बसत नाही, त्याच्या माघारीही नाही. ती बसते ह्या लाकडी खुर्चीवर, दाराजवळ. कोणी आलं तर चटकन उठता यावं म्हणून.”

नेरिस त्या खुर्चीकडे बघत उभी राहिली. पाठीला उशी नव्हती. खुर्चीच्या हातावर लोकरीचे मोजे वाळत घातलेले होते. मग ती हळूच त्या खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “दाराखालून पायांना वारा लागतोय.” इद्रिसने आधी दाराखाली पट्टी ठोकली. मगच आतल्या भिंतीवर, रेडिएटरपासून लांब, टीव्हीपासून लांब, खिडकीच्या उन्हापासून लांब, लाकडी खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्याला येईल एवढ्या उंचीवर त्याने नवा बसवला. माझ्या तारा काढून त्यांची तोंडं बंद केली. मला मात्र भिंतीवरून काढायचं त्याला सुचलं नाही की जमलं नाही, कोण जाणे.

तपासणीचा माणूस येऊन खोलीचं तापमान लिहून घेऊन गेला. एकवीस. या वेळी खरं. तीन आठवड्यांनी ओल्वेन घरी आली. काठी टेकत, नेरिसचा हात धरून. दारातच ती थांबली, कारण पॅसेजमध्ये अंधार होता.

“दिवा कोणी विझवला?”

नेरिसने बेटीकडे पाहिलं. बेटीने माझ्याकडे.

“मी विचारतेय, दिवा कोणी विझवला? बल्ब संपले का?”

आता नेरिसला बोलणं भाग होतं. तिने सगळं सांगितलं. दिव्याची ऊब, माझी तबकडी, बंद बॉयलर. शेवटी तिचा आवाज फुटला. “आई, चूक तुझी नाही. चूक माझी आहे. मी आकडा बघायचे आणि निघून जायचे. तुझा हात कधी हातात घेतला नाही.”

ओल्वेन फोटोकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती कोसळणार. तिचे खांदे हलायला लागले. नेरिसने तिला धरलं. आणि मग लक्षात आलं, की ती हसते आहे.

“बघितलंस?” ती डोळे पुसत म्हणाली. “मेला तरी हीटिंग बंदच करतोय हा माणूस!”

बेटी भिंतीला धरून हसली. नेरिस रडता रडता हसली. “एम्लिन अठरा!” बेटी म्हणाली, आणि पुन्हा तिघींना हसू आवरेना. तीस वर्षांत माझ्या पॅसेजमध्ये इतकं हसू मी ऐकलं नव्हतं.

त्याच दुपारी ओल्वेनने फोटो आणि दिवा आतल्या टेबलावर नेले, खिडकीच्या बाजूला, नव्या थर्मोस्टॅटपासून चांगले लांब. जाताना तिने माझ्यावरून कापड फिरवलं. “याला राहू दे इथे. काढला तर भिंतीला भोकं दिसतील.” एवढंच म्हणाली. मग आत जाऊन तिने नव्याची कडी स्वतःच्या हाताने फिरवली. किती अंशांवर, ते मला दिसलं नाही. दार लागलं होतं.

आता माझ्यापाशी दिवा नाही, फोटो नाही, तारा नाहीत. सकाळी कोणी येऊन माझ्याशी बोलत नाही. त्या एका हिवाळ्यातली ऊब मला अजून आठवते, आणि आठवली की वाईट वाटतं, कारण ती तिच्या वाट्याची होती. पट्ट्या मात्र अजून शाबूत आहेत. गारठा वाढला की त्या वाकतात आणि ‘टिक’ होतं. पलीकडे ऐकणारं कोणी उरलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी रेडिएटर नसतील, थर्मोस्टॅट नसेल. पण एखादी आजी, एखादे काका असतील, जे विचारल्यावर “मला काय धाड भरलीय?” म्हणतात. त्यांची खबर दारात उभं राहून घेऊ नका. भिंतीवरच्या कोणत्याही तबकडीला विचारू नका. आम्ही उभे असतो तिथलंच सांगतो, आणि फार खात्रीने सांगतो. तुम्ही आत जा. ती माणसं जिथे बसतात त्या खुर्चीत घटकाभर बसून बघा. त्यांचा हात हातात घ्या. तो गार असेल, तर कोण काय म्हणतं याकडे लक्ष देऊ नका.

परवा रविवारी नेरिस आली. गाडी तिने कुठे तरी लांब, नीट लावली असावी, कारण ती चालत आली. पडदा सारून आत शिरली, कोट काढून जिन्याच्या खांबावर अडकवला. माझ्यासमोरून गेली. मान वर केली नाही, काट्याकडे पाहिलं नाही, सरळ मागच्या खोलीत गेली. “आई, हात दाखव बघू,” एवढं ऐकू आलं आणि दार बंद झालं. पॅसेजमध्ये पुन्हा गारठा वाढला. मी ‘टिक’ केलं. कोणी ऐकलं नाही, आणि आत कोणाला थंडी वाजत नव्हती.